जोडीचा टाक

मंगल माहेरी आली होती ती जोंधळा काढायला, बापाला देवात बसवायला नव्हे. पण आल्या दिवसापासून घरात जोंधळ्याचं नाव कोणी काढत नव्हतं. रानात कणसं वाळून खडखडत होती, पाखरांचे थवेच्या थवे उतरत होते, ऐन फाल्गुनात नको तेव्हा आभाळ भरून येत होतं, आणि तिचा धाकटा भाऊ कृष्णात रोज सकाळी मोटारसायकलला किक मारून म्हसवडला जात होता. कधी गुरवाला भेटायला, कधी सोनाराला. मजूर मिळत नाही हे रडगाणं सगळ्या वस्तीचं होतं. घरचा धडधाकट गडी मिळत नाही हे फक्त याच घराचं.

त्यामुळे रानात दोघीच. मंगल आणि तिची आई अंबूबाई.

हाताला फडकी गुंडाळून दोघी ताटं उपटत होत्या. जमीन वाळून अशी धरली होती की एकेका ताटाला कमरेतून हिसका द्यावा लागे. मुळाशी ढेकूळ निघे, ते पायावर आपटून झाडायचं आणि ताट मागं टाकायचं. मंगलच्या दोन ओळी होत तेव्हा आईची एक होई, कारण आईचं डावं मनगट वाकडं होतं. त्या हातानं तिला ताट आवळता येत नसे. मग ती उजव्या हातानं बुडाला धरी, वरचा भाग डाव्या कोपराच्या बेचक्यात दाबी आणि अंगाचा सगळा भार मागं टाकी. कधी कधी ताट सुटून ती मातीत बसे.

"आये, तू बांधावर बस. मी काढते."

"बसून जोंधळा निघतूया व्हय?" अंबूबाई म्हणे आणि पुढचं ताट धरी.

ते मनगट कोणी मोडलं हे वस्तीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. आप्पासोनं. अंबूबाईच्या नवऱ्यानं, मंगल आणि कृष्णातच्या बापानं. आणि त्याच आप्पासोचा आता टाक होणार होता. बोटभर चांदीच्या पत्र्यावर मेलेल्या माणसाची मूर्त उठवायची, ती म्हसवडच्या नाथाच्या पायाला लावून आणायची आणि देव्हाऱ्यात बिरोबाच्या ओळीला ठेवायची. झाला घरचा देव. मग रोज सकाळी त्याला अंघोळ, त्याला गंध, त्याच्यापुढं डोकं टेकणं. या घरात देवाची पूजा कोण करत होतं? अंबूबाई. म्हणजे ज्या हाताचं मनगट त्यानं मोडलं, त्याच हातानं त्याला रोज अंघोळ घालायची. मंगलच्या मनात हे आलं की ताट नुसतं उपटलं जात नसे, मुळासकट ढेकूळ लांब उडून पडे.

दुपारी कृष्णात भाकरी घेऊन बांधावर आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गुलाल.

"आक्का, गुरवानं आईतवार सांगितलाय," तो म्हणाला.

"जोंधळा कवा काढायचा त्ये सांगितलंय का गुरवानं?"

"तुझं आपलं जोंधळा न् जोंधळा. घरात काय चाललंय तुला ठावं हाय का? पाच मेंढ्या गाभडल्या. बोअर आटली. मी गाडीवरनं पडलो, पाय मोडता मोडता ऱ्हायला."

"पाऊस न्हाई म्हनून बोअर आटली. साऱ्या वस्तीची आटली. त्यांच्या घरात बी आप्पाच हाय का?"

"देवरुषानं सांगितलंय. घरचा पुरुष उंबऱ्याभायर उभा हाय. जागा मागतोय."

"मागू दे की. त्यो आत व्हता तवा आई भायर व्हती. रातरातभर उंबऱ्याभायर बसलेली म्या बघितलीया. आता त्यो उभा हाय. फिटंफाट झाली."

कृष्णातनं भाकरीचं फडकं सोडलं, कांदा बुक्कीनं फोडला आणि आईपुढं ठेवला. त्याला आईकडं बघवत नव्हतं, म्हणून तो कांद्याकडंच बघत बोलला.

"हे बघ आक्का, तुझं देव जतला. सासरचं. ह्या घरच्या देवात तुला बोलता येत न्हाई."

मंगलनं हातातला घास खाली ठेवला. खोटं काय होतं त्यात? लग्न झालं तेव्हा तिचे देव बदलले, हे तिलाही माहीत होतं. जोंधळा उपटायला ती या घरची, देवात बोलायला मात्र परकी. ती आईकडं वळली.

"आये, तू तरी बोल की काय तरी. तुला करायची हाय पूजा."

अंबूबाईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, उरलेलं पाणी हातावर घेऊन डोळे पुसले.

"जोंधळा निघू दे," ती म्हणाली.

हे तिचं नेहमीचं. नवरा मारायचा तेव्हाही ती म्हणायची, मेंढरं येऊ देत, शेरडं बांधू दे, पोरं निजू देत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय हे मंगल आईकडून शिकली होती, आणि तेवढंच एक आईकडून घ्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. म्हणून तर तिला आईचाच राग जास्त येत होता.

आप्पासोची कथा सगळ्यांना पाठ होती. शेतात खतासाठी मेंढरं बसवायला तो दरवर्षी इस्लामपूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात जायचा. एका वर्षी गेला तो परत आलाच नाही. तिकडं रंगुबाई नावाची एक बाई फाट्यावर चहाचा गाडा चालवायची, तिच्याकडं राहिला. मेंढरं एकेक करून दारूत गेली. मंगलच्या लग्नात आला तो मांडवात पडण्यापुरता. या घरात रंगुबाईचं नाव कोणी घेत नसे, 'ती' एवढंच म्हणत. मग ती मेली आणि आप्पासो अर्धं अंग लुळं पडलेलं घेऊन एका टेम्पोतून घरी आला. टेम्पोवाल्यानं अंगणात उतरवला आणि तो निघून गेला.

अंबूबाईनं त्याला हाकललं नाही आणि घरातही घेतलं नाही. गोठ्यात बाज टाकली. वेळेवर भाकरी दिली, अंग पुसलं, घाण काढली, पण एका शब्दानं बोलली नाही. दोन वर्षं तो गोठ्यातून हाका मारायचा आणि ती भाकरीच्या पिठाला पाणी लावत बसायची. दिवाळीच्या तोंडावर तो गेला. गावच्या बाया रडायला आल्या, मंगलच्या गळ्यात पडून त्यांनी हेल काढले, सोन्यासारखा माणूस गेला गं बाई. अंबूबाईनं डोळ्याला पदर लावला नाही. मध्येच उठून ती शेरडांना पाला टाकून आली. बाया बिचाऱ्या हिरमुसून घरी गेल्या आणि ते न रडणं पंचक्रोशीत गाजलं.

तेच न रडणं आता कृष्णातच्या मानगुटीवर बसलं होतं. बापाचं नीट झालं नाही, म्हणून घराचं नीट होत नाही. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसा जोंधळा रानात असताना हा टाक उपटला होता.

संध्याकाळी अंगणात बिरू तात्या येऊन बसले. आप्पासोचे थोरले भाऊ, भावकीतले वडीलधारे. मोतीबिंदूनं डोळे अधू झालेले, पण जीभ शाबूत. थोरला दीर म्हणून अंबूबाई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायची आणि बोलायची नाही. जे काय बोलायचं ते सुनेच्या, पल्लवीच्या तोंडून.

"उद्या सोनाराकडं जाऊन ये किसना," तात्या म्हणाले. "ठसा नीट बघून घे. चांदी बारकी नगं."

"उद्या त्यो रानात येणार," मंगल म्हणाली.

"तू मधी बोलू नगं."

"देवात बोलत न्हाई तात्या, जोंधळ्यात बोलतिया. आभाळ बघा कसं आलंय. दोन थेंब पडलं की कणीस काळं पडंल, मग त्या देवाला निवद कशाचा दाखवणार? चांदीचा?"

पल्लवी चुलीपाशी बसली होती. तिनं पदरात तोंड लपवलं, पण खांदे हलले ते दिसलंच. तात्यांनी काठी दोनदा आपटली. शेवटी कृष्णातच वैतागून म्हणाला, "जाऊ दे तात्या. पप्पूला धाडा. त्यो जाईल सोनाराकडं. न्हाईतर ही बया मला सुखानं जगू द्यायची न्हाई."

पप्पू हा तात्यांचा मुलगा. तिशी उलटलेला, फ्लेक्सचं दुकान काढलेला, वाढदिवस असो की मयत, त्याच हौसेनं बोर्ड रंगवणारा. आप्पासो गेला तेव्हा त्यानं भावपूर्ण श्रद्धांजलीच्या बोर्डावर आप्पासोच्या डोक्याला फेटा आणि पाठीमागं बर्फाचे डोंगर लावले होते. असल्या माणसाच्या हाती काम गेलं, पण त्या वेळी मंगलला त्याचं काही वाटलं नाही. भाऊ रानात आला एवढंच तिला पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी कृष्णात आला खरा. पण सवय सुटलेली. अर्ध्या तासात तळहाताला फोड आले. तो थांबून थांबून फुंकर घालत होता, आणि पलीकडं त्याची साठी उलटलेली आई मातीत बसत, उठत, ताटं काढत होती. ते बघून त्याची मान खाली गेली आणि तो मुकाट्यानं उपटायला लागला.

"तुला त्यो मारायचाच आठवतो," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "मला खांद्यावर घेऊन नाथाच्या रथाला गेल्ता एकदा. येवढी गर्दी. मला म्हणाला, माझं कान धर आन बघ. सारा रथ म्या बघितला. त्याला सोताला काय दिसलं नसंल त्या गर्दीत."

"मला बी न्यायचा की."

"माझा बी बाप व्हता आक्का त्यो. गोठ्यात मेला. लोकं मला इचारत्यात, बापाला घरात जागा न्हवती व्हय रं? काय सांगू मी? आईनं घातला गोठ्यात म्हनून सांगू?"

हे मंगलनं कधी असं ऐकलंच नव्हतं. राग गेला नाही, पण रागाला धरायला जागा सापडेना, आणि त्यानं ती अजूनच चिडली.

तेवढ्यात कृष्णातचा फोन वाजला. सोनाराच्या दुकानातून पप्पू बोलत होता. हा ठसा घेऊ का तो घेऊ, याच्यावर घोडा हाय, त्याच्यावर न्हाई, असलं काहीतरी चाललं होतं. पश्चिमेकडून वारं सुटलं, बांधलेल्या पेंढ्या उलट्यापालट्या व्हायला लागल्या.

"फोन ठेव आदी," मंगल ओरडली. "आभाळ बघ. पेंढ्या धर तिकडच्या."

"आरं, तुला बरा दिसंल त्यो ठसा घे," कृष्णात फोनमध्ये म्हणाला. "आन ठेव आता." त्यानं फोन खिशात कोंबला आणि पेंढ्यांमागं धावला.

पाऊस आला नाही. वारं नुसतं धूळ उडवून गेलं. शनिवारपर्यंत तिघांनी मिळून सगळं रान काढलं, पेंढ्या रचून वर ताडपत्री ओढली. कणसं मोडायची राहिली होती, पण जोंधळा आता पावसाच्या तावडीतून सुटला होता. शेवटची पेंढी टाकून मंगल आईजवळ बसली.

"निघाला जोंधळा," ती म्हणाली. "आता तरी बोल."

अंबूबाई वाकडं मनगट दुसऱ्या हातानं चोळत होती.

"काय बोलू? दोन वर्सं धुतलाच की. चांदीचा तरी हलका असंल."

मंगलला रडू आलं आणि हसूही. ती उठून चालायला लागली. या बाईचं काही होऊ शकत नाही, असं तिनं त्या दिवशी मनात लिहून टाकलं.

रविवारी अंगण सारवलं. भावकी आली, बाया आल्या, ज्या रडायला येऊन हिरमुसून गेल्या होत्या त्याही आल्या. पल्लवीनं पहाटेपासून पुरण शिजवलं. पप्पू सोनाराकडून टाक घेऊन तसाच नाथाच्या देवळात गेला होता. तिथं गुरवानं तो पायाला लावला, वर मूठभर गुलाल घातला आणि लाल फडक्यात गाठ मारून दिला. ती पुरचुंडी पप्पूनं मोठ्या तोऱ्यात आणून पाटावर ठेवली.

मंगलनं शेवटचा प्रयत्न केला. ती पाटापाशी गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तात्या, अजून बी इचार करा. आईला तरी एकदा इचारा, तिला चालतंय का."

"आता इचार न्हाई," तात्या म्हणाले. "नाथाच्या पायाला लागला त्यो. आता त्यो देव झाला. आता त्याला उठवायचा न्हाई, आटवायचा न्हाई. कुणाच्या बापाला हालायचा न्हाई त्यो आता."

मंगल मागं झाली. बायांनी तिच्याकडं असं पाहिलं की माहेरचं खाऊन माहेरालाच नख लावणारी ही कोण. कृष्णातनं फडक्याची गाठ सोडली. टाक गुलालानं नुसता माखला होता. त्यानं तो तसाच आईच्या पुढ्यात ताटलीत ठेवला, कारण पहिली अंघोळ घरच्या बाईनं घालायची. अंबूबाईनं उजव्या हातानं दुधाची धार सोडली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं गुलाल चोळला. गुलाल वाहून गेला. ती चोळायची थांबली. टाक उचलून तिनं डोळ्यांजवळ नेला.

"पल्लवी," ती सुनेला म्हणाली, "ही कोन गं?"

पल्लवी वाकली आणि तिच्या हातातलं हळदीचं ताट कलंडलं. टाकावर एक फेटेवाला पुरुष होता आणि त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, एक बाई होती.

"जोडी हाय काकी," पप्पू कौतुकानं म्हणाला. "एकटा लय ओकाबोका दिसत व्हता. सोनार म्हणाला, जोडी शोभती. किसनादादा म्हणाला, बरा दिसंल त्यो घे."

अंगणात सगळेच एकदम बोलायला लागले. फेटेवाल्याशेजारची म्हणजे अंबूबाईच. जिवंत बाईचा टाक. जिवंत बाईला देवात बसवली म्हणजे तिचं उरलं काय? एक म्हातारी तोंडावर हात मारून घेऊ लागली. तात्यांनी काठीनं पप्पूच्या नडगीवर एक दिली.

"आरं नालायका, जित्त्या बाईचा टाक करत्यात व्हय रं? जोडी करायची ती दोघं बी गेल्यावर."

"मला काय ठावं? फ्लेक्सवर दोघांचा फोटू टाकतो की आपन."

कृष्णातचा चेहरा मातीसारखा झाला होता. घरावरचं संकट टळावं म्हणून त्यानं हा घाट घातला, आणि घरात आणलं काय, तर आईचं मरण. तो कसाबसा म्हणाला, "सोनाराला परत देऊ. आटवून दुसरा करू."

"नाथाच्या पायाला लागलेला आटवतोस?" तात्या बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय करून बसलो.

"मग कापून घेऊ," पप्पू म्हणाला. "बाई बाजूला काढायची."

"देव कापतोस, मुडद्या?"

मंगलच्या डोक्यात तिडीक गेली. आता तिला कोणाची भीड राहिली नाही. "बघितलंसा काय केलंत? जल्मभर ती त्याच्या हातनं सुटायला बघतिया. आन तुमी तिला नेऊन परत त्याच्याच शेजारी उभी केलीसा. आता चांदीत. आता तर पळून बी जाता यायचं न्हाई तिला."

कृष्णात खाली बसला. फोड आलेले हात त्यानं तोंडावर घेतले. भावकीतले दोघे-तिघे खेटरं शोधायला लागले, कारण अशा वेळी निघून गेलेलं बरं.

"ती मी न्हाई," अंबूबाई म्हणाली.

तिचा पदर कपाळापर्यंत होता तसाच होता, पण आवाज पदराआडचा नव्हता. थोरल्या दिरासमोर ती पहिल्यांदाच बोलत होती.

"सोनारानं काय माझं तोंड बघून केलाय व्हय ह्यो? मी कशी असंन? हिचा हात बघा, सरळ हाय." तिनं टाक उलटसुलट केला. "ही रंगुबाई हाय."

बायांमध्ये कुजबुज झाली. तात्यांनी कान पुढं केला, ऐकलं ते खरं का म्हणून.

"कोन?"

"रंगुबाई. तुमच्या भावाची. ती गेलीया, त्यो बी गेलाय. जोडी दोघं गेल्यावर करत्यात म्हणालासा न्हवं? मग बराबर केलंय पप्पूनं."

"अंबू, येडी झालीस? ठेवलेली बाई देवात बसवतीस?"

"आवं, ठेवली कुणी? तिनं ठेवलं व्हतं तुमच्या भावाला. च्या इकून खाऊ घातलं. मेंढरं संपल्याव तिच्याच जिवाव जगला त्यो."

ती पुढं बोलत राहिली. टाकाकडं बघत, दूध अंगठ्यानं पुसत.

"किसनाचं लगीन ठरलं तवा मी गेल्ते फाट्याव, सांगाया. बापाला सांगायला पायजे म्हनून. त्यो गाड्यामागं पडला व्हता. तिनं मला बसायला पोतं दिलं, च्या दिला. म्या कप धरला तवा तिनं माझं मनगट बघितलं. ती बोलाया लागली तवा म्या तिचं दात बघितलं. पुढचं दोन न्हवतं. दोघी बी त्याव काय बोललो न्हाई. निघताना तिनं भाकरी बांधून दिली. म्हणाली, लांब जायाचं हाय तुमाला."

कृष्णातनं हात तोंडावरून काढले होते. त्याला हे माहीत नव्हतं, मंगललाही नव्हतं. इतक्या वर्षांत आई एकदा तिथं गेली होती, हे तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं.

"ती मेली तवा तिचं दिस कुणी घातलं न्हाईत," अंबूबाई म्हणाली. "टेम्पोवाला सांगत व्हता. तुमचा भाऊ मातीला बी थांबला न्हाई, तसाच हिकडं आला. त्यो उंबऱ्याभायर उभा हाय म्हनता. जागा मागतोय. मग तिला भायर ठिवून एकटाच आत येतूया व्हय त्यो? येयाचं तर दोघांनी या. न्हाईतर दोघं बी भायर ऱ्हावा."

तात्या काठीवर हनुवटी टेकून बसले. एका बाजूला जिवंत भावजयीचा टाक, दुसऱ्या बाजूला मेलेल्या रंगुबाईचा. आटवायचा नाही, उठवायचा नाही, हलवायचा नाही, हे त्यांनीच घटकेपूर्वी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी त्यांनी ते कृष्णातवर टाकलं.

"तुझं घर, तुझं देव. काय करायचं कर."

कृष्णातनं आईकडं पाहिलं, मग तिच्या मनगटाकडं. ते त्यानं रोज पाहिलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं.

"आई म्हनती तसं," तो म्हणाला.

अंबूबाईनं मग हळदीचं बोट घेतलं आणि टाकावरच्या बाईला लावलं. "लय सोसलंस गं बाई," ती हळूच म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. नवऱ्याच्या मयतीला न रडलेली अंबूबाई त्या चांदीच्या पत्र्यापुढं रडली. हेल नाही, गुण गाणं नाही, नुसते डोळे वाहत राहिले आणि ती वाकड्या हातानं ते पुसत राहिली. मागच्या बाया एकमेकींकडं बघत होत्या. मग त्यातली ती तोंडावर हात मारून घेणारी म्हातारी पुढं सरकली आणि अंबूबाईच्या पाठीवर हात ठेवून बसली. मंगलही रडली. आईनं सगळं गिळलं असं ती आजवर समजत होती, आणि तेवढ्यासाठी तिनं आईला मनात किती नावं ठेवली होती, त्याची तिला लाज वाटली.

टाक देव्हाऱ्यात ठेवताना अंबूबाईनं तो बिरोबाच्या ओळीत ठेवला नाही, कडेला ठेवला. मग कृष्णातला म्हणाली, "आता दोन गोष्टी ध्येनात ठेव. मी मेल्याव माझा टाक एकटीचा करायचा. सोनाराला आत्ताच सांगून ठेव, पप्पूला धाडू नगं. आन ह्यांची पूजा तू करायची. बाप तुझा हाय. मी माझ्या देवांची करीन."

"रोज?" कृष्णात म्हणाला.

"न्हाई तर काय आईतवारी? देवाला काय सुट्टी असती व्हय?"

पुरणपोळ्या झाल्या होत्या, त्या भावकीनं खाल्ल्या. ठेवलेल्या बाईच्या नावानं जेवणार नाही असं दोघे म्हणाले आणि मग वास आल्यावर तेही बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडायला कणसं मोडायला जायचं होतं. मंगलनं विळे आणि पोती काढली, पल्लवीनं भाकरी बांधल्या. अंबूबाई डोक्याला फडकं गुंडाळून अंगणात तयार उभी होती आणि आत कृष्णात देव्हाऱ्यापुढं मांडी घालून बसला होता. कधी नाही ते हातात गंधाची वाटी आली होती. धोतराऐवजी अर्धी चड्डी होती, पण डोकं ओलं होतं.

"आटप की रं," मंगल म्हणाली. "ऊन वर आलं."

"थांब गं. नीट करू दे." मग जरा वेळानं आतून त्याचा आवाज आला. "आये, गंध आदी कुणाला लावू? आप्पाला का तिला?"

अंबूबाईनं पोत्यांचं भेंडोळं काखेत मारलं आणि रानाच्या वाटेला लागली. वाटेवरूनच तिनं मागं न बघता सांगितलं.

"आदी तिला लाव. त्याला जरा थांबायची सवय हू दे."